सोळा शब्दांची कविता आणि आधीच अर्थ सांगणारे सर

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली, वय ४४, एका पतसंस्थेत हिशेब बघते. बी. ए. मराठीत झालंय, पण ते लग्नाआधी. यंदा सप्टेंबरात आम्ही पाच जणांनी मिळून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा आधुनिक अमेरिकन कवितेचा फुकट ऑनलाइन कोर्स लावला. मी, माझी शाळेतली मैत्रीण (ती टिळकवाडीत असते), तिच्या ऑफिसातल्या बैलहोंगलच्या एक बाई, ज्यांचं सगळं शिक्षण कन्नडमधून झालंय, निपाणीचा एक कॉलेजचा मुलगा आणि इंग्रजीचे एक निवृत्त सर. रविवारी रात्री आठला व्हिडिओ कॉलवर बसतो.

सुरुवातीला लई उत्साह होता. आता कविता स्क्रीनवर आली की सर सांगायलेत आणि आम्ही लिहून घ्यायलोय. त्या लाल ढकलगाडीच्या कवितेला सर म्हणाले, कवी डॉक्टर होता, एका आजारी मुलीच्या उशाशी बसला होता, खिडकीतून त्याला ती गाडी दिसली, म्हणून खूप काही अवलंबून आहे. झालं. त्यावर आम्ही काय बोलणार? मला त्यात मुलगी कुठं दिसलीच नव्हती. गर्ट्रूड स्टाईन या अमेरिकन लेखिकेच्या त्या काचेच्या सुरईच्या कवितेला तर मी म्यूट करून भाजी निवडत बसले.

घरात मिस्टर हसतात, "कोंबड्या आणि गाडी, ही कविता होय? आमच्या परड्यात रोज असते की." भाऊ सीमाभागाच्या कामात असतो. तो म्हणतो, "हितं मराठी शाळा टिकवायला माणसं मिळंनात आणि तुला अमेरिका सुचायलीय."

सोडून देऊ का? की आधी इंग्रजी सुधारू? का मराठी अनुवाद शोधून वाचू? आणि सरांना काही म्हणायची सोय नाही, ते माझ्या मैत्रिणीचे गुरू.

एक वाचक, खानापूर


नमस्कार.

इंग्रजी सुधारायचा विचार आधी बाजूला ठेवा. उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुमच्या मिस्टरांना ती कविता कळली, म्हणून तर ते हसले. न कळणारा माणूस हसत नाही, "काय लिहिलंय?" म्हणून विचारतो. कोंबड्या, पाऊस, गाडी, लाल, पांढरं, एवढ्या इंग्रजीला सातवी पास पुरते. तुमच्या रविवारची खरी अडचण अशी की अर्थ फार लवकर येतो. कविता नीट डोळ्यांपुढे यायच्या आत तो येऊन खुर्चीत बसलेला असतो, आणि एकदा तो बसला की बाकीच्यांना उभं राहायलाही जागा उरत नाही.

बाकी वाचकांसाठी सांगते. ही विल्यम कार्लोस विल्यम्स यांची १९२३ सालची कविता. पहिल्यांदा छापली तेव्हा तिला नावसुद्धा नव्हतं, नुसता क्रमांक होता. पावसाच्या पाण्यानं चकाकणारी एक लाल, एकचाकी ढकलगाडी, शेजारी पांढऱ्या कोंबड्या, आणि तिच्यावर म्हणे खूप काही अवलंबून आहे. बस्स, संपली कविता.

आता एक काम करा. वही घ्या आणि ती हातानं उतरवून काढा. स्क्रीनशॉट नको, टाइप करणं नको. ओळ जिथं संपते तिथं तुमचा हात थांबला पाहिजे. पहिल्या ओळीत तीन शब्द, खालच्या ओळीत एक. दुसऱ्या कडव्यात तेच, तिसऱ्यात तेच, चौथ्यात तेच. चार चोक सोळा. दिवसभर रकाने जुळवणाऱ्या बाईला हे सरांच्या आधी दिसायला हवं होतं, आणि मला खात्री आहे की दिसलंही असणार. तुम्ही बोलला नसाल. कॅपिटल अक्षर एकही नाही. विरामचिन्ह म्हणाल तर शेवटी फार तर एक पूर्णविराम. एका दमात उच्चारायचा ढकलगाडीचा इंग्रजी शब्द कवीनं मधोमध मोडलाय: चाक वरच्या ओळीत, गाडी खालच्या. पावसाच्या पाण्याचंही तसंच, पाऊस वर आणि पाणी खाली. शेवटच्या कडव्यात पांढरा रंग वर राहतो, कोंबड्या खाली येतात. उतरवताना तुमच्या हाताखाली क्षणभर नुसतं एक लाल चाक असतं, मग ती गाडी होते. क्षणभर नुसता पांढरा रंग असतो, मग त्याला पाय फुटतात. परड्यात रोज दिसणारी गाडी अशी तुकड्यातुकड्यांनी, जोडत जोडत मिस्टरांनी कधी पाहिली आहे का, हे त्यांना जरूर विचारा. ते पुन्हा हसतील, हसू देत.

मग पहिल्या कडव्याकडे या. खूप काही अवलंबून आहे, एवढं म्हणून कवी पुढं सरकतो. काय अवलंबून आहे ते सांगत नाही. कुणाचं, तेही नाही. कवितेत 'मी' असा कुणी माणूसच नाही. शेवटपर्यंत वाचलं तरी ती जागा रिकामीच राहते, आणि माझ्या मते सगळी कविता त्या रिकाम्या जागेच्या जोरावर उभी आहे. सरांनी तिथं आजारी मुलगी आणून बसवली. तुम्हाला मुलगी दिसली नव्हती, कारण ती तिथं नाहीच. तुमची नजर बरोबर होती, हे सरळ सांगते.

ती गोष्ट सरांनी रचलेली नाही बरं का. अमेरिकेतल्या वर्गांतही ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, सरांनी कुणा चांगल्या शिक्षकाकडूनच ऐकली असणार. विल्यम्स डॉक्टर होते हे खरं. न्यू जर्सीतल्या रदरफर्ड गावात त्यांनी आयुष्यभर डॉक्टरकी केली, शेकडो बाळंतपणं केली. पण या कवितेबद्दल त्यांनी स्वतः जे लिहून ठेवलंय त्यात आजारी मुलीचं नाव नाही. ती गाडी त्यांच्या गावातल्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय माणसाच्या घराबाहेर होती, असं ते लिहितात. पुढं त्यांनी त्याचं आडनावही सांगितलं, मार्शल. आपल्याला तो माणूस आवडायचा आणि त्या मायेतून कविता आली, असं त्यांचं म्हणणं. नंतर अभ्यासकांनी माग काढला तेव्हा हा मार्शल फिरून माल विकणारा निघाला. गाडीवर पोट असलेला माणूस! म्हणजे 'अवलंबून' या शब्दात एकदम कुणाची तरी चूल दिसायला लागते.

पण ही माहिती मी आधीच दिली असती तर तीही मुलीसारखीच कवितेच्या छातीवर बसली असती. म्हणून तीन परिच्छेद थांबले. कवीचं चरित्र वाचावं, जरूर वाचावं, पण कविता डोळ्यांखालून गेल्यावर. आणि कृपा करून येत्या रविवारी सगळ्यांसमोर "सर, ती गोष्ट खोटी आहे" असं म्हणू नका. त्यातून फक्त सर दुखावतील, वाचन तसूभरही सुधारणार नाही.

आता तुमच्या गावाची गोष्ट. पावसानं भिजलेल्या गाडीला विल्यम्सनी साधं 'ओली' म्हटलेलं नाही. त्यांनी वापरलेला शब्द कुंभारकामातला, झिलई चढवण्याचा. सोळा शब्दांत अंगणाबाहेरचा असा हा एकच. तुम्ही खानापूरच्या. कौलांचं आणि मातीच्या कामाचं गाव, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था तुमच्याकडे आहे. झिलई आतून ओली नसते, भट्टीतून निघालेली असते, टणक असते, आणि तिच्यामुळे भांड्यातून पाणी पाझरत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. मग पाऊस गाडीवर झिलईसारखा बसलाय म्हणजे नक्की कसा बसलाय? ओघळतोय की थिजलाय? पाऊस पडतोय की थांबून ऊन आलंय? हा प्रश्न त्या पाच जणांत तुम्हीच विचारू शकता. टिळकवाडीची मैत्रीण नाही, सरही नाहीत.

सरांचं आता. सीमाभागात आपल्याकडे निवृत्त सरांना "जरा थांबा" म्हणणं किती अवघड असतं ते मी जाणते. पण कोर्सच तुमच्या मदतीला आहे, त्याचा आधार घ्या. हा कोर्स २०१२ पासून चालू आहे आणि तो ज्या पद्धतीनं चालतो ती पद्धत अगदी सरांना दाखवण्याजोगी आहे. अल फिलरीस हे प्राध्यापक टेबलाभोवती काही विद्यार्थी घेऊन बसतात आणि एकेक शब्द पुढं सरकवतात. भाषण नसतं. ते प्रश्न विचारतात, एकाला अडवून दुसऱ्याला बोलतं करतात, "तू म्हणतेस ते कवितेत नक्की कुठं आहे?" अशा धर्तीवर खोदत राहतात. या कविता त्यांना तोंडपाठ असणार, तरी अर्थाची पुडी बांधून हातात देत नाहीत. तुम्ही पाचही जण हे व्हिडिओ एकेकटे बघून मग रविवारी जमत असाल, तर त्यातली माहिती तेवढी तुमच्या कॉलवर पोचते आणि रीत मागं राहते. ढकलगाडीचा नसला तरी कुठलाही एक व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघा, आणि कवितेपेक्षा प्राध्यापक काय करतात ते बघा.

सरांना मेसेज मैत्रिणीनं पाठवावा, गुरू तिचे आहेत. साधारण असा:

"सर, या रविवारी एक प्रयोग करायचाय, तुमची परवानगी हवी. कविता दोनदा मोठ्यानं तुम्हीच वाचावी, कारण उच्चार तुमचे चांगले. मग आम्ही चौघं एकेक करून कागदावर काय दिसतंय तेवढंच सांगू. अर्धा तास अर्थ कुणीच सांगायचा नाही, आम्हीसुद्धा. त्यानंतर तुम्ही बोला. आम्ही काय सोडलं आणि कुठं भरकटलो ते तुम्ही सांगितलंत तर आम्हाला फायदा होईल."

यात खोटं काही नाही. त्यांचे उच्चार खरंच हवेत, त्यांचं शेवटी बोलणंही खरंच हवं. चाळीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला शांतता सोसत नाही, वर्ग गप्प बसला की तो आपणच भरून काढतो. तुम्ही बोलायला लागलात तर बरेचदा तो आपोआप थांबतो. नाहीच थांबले, तर महिन्यातून एक रविवार तुम्ही चौघं वेगळे बसा आणि गाजावाजा करू नका.

अनुवादाबद्दल थोडक्यात. आधी नको, नंतर हवा तेवढा. फोनमधल्या भाषांतराच्या सोयीत कविता टाकली की ती सगळ्या ओळी जोडून एक सरळ वाक्य हातात देते, आणि मग मिस्टरांचं हसणं अगदी रास्त ठरतं. त्यापेक्षा बोलताना खुशाल मराठीत बोला. बैलहोंगलच्या बाईंना कन्नड सुचलं तर कन्नडमध्ये बोलू द्या. बेळगावच्या बाजारात जे रोज चालतं ते व्हिडिओ कॉलवर चालायला काय हरकत आहे? कविता इंग्रजी असली म्हणून गप्पा इंग्रजीत मारायच्या असा नियम कोर्सनं केलेला नाही, तो तुमच्या पाच जणांच्या मनानं केलाय.

स्टाईनबाईंच्या सुरईला भाजी निवडलीत याचा मला राग नाही. ती ज्यात आहे त्या १९१४ च्या 'टेंडर बटन्स' या पुस्तकात वस्तू, खाद्यपदार्थ आणि खोल्या असे तीन भाग आहेत. शीर्षकात वस्तू असते आणि खाली ती वस्तू शोधायला गेलं की सापडत नाही. शीर्षक तेवढं घट्ट, खालची वाक्यं दर दोन शब्दांनी वाट बदलतात. तिथं ढकलगाडीची रीत अर्धीच चालते. मोठ्यानं वाचा, म्हणजे कुठला आवाज परत परत येतो ते कानाला लागेल. त्याच विद्यापीठाचा पेनसाउंड नावाचा ध्वनिसंग्रह आहे, तोही फुकट. स्टाईनच्या स्वतःच्या आवाजातली वाचनं त्यात आहेत, विल्यम्सचीही आहेत. तुमच्याकडे पावसात लाइट आणि नेटवर्क एकदम जातं, तेव्हा शनिवारीच डाउनलोड करून ठेवा. एवढं करूनही स्टाईन आवडली नाही तर आवडली नाही. मलाही ती काही पानांपुढं थकवते. दहा आठवड्यांच्या कोर्समध्ये एखादा आठवडा कोरा गेला म्हणून कुणी नापास करत नाही, आणि प्रमाणपत्र घेऊन तुम्हाला पतसंस्थेत बढती मिळणार नाहीये.

'न कळणारं वाचायचं कसं' या भीतीला मात्र तुमच्या घरात जागा असू नये. खानापूर तालुक्यात भजनी मंडळ नाही असं गाव मला दाखवा. 'मुंगी उडाली आकाशी, तिनें गिळिलें सूर्यासी' हा मुक्ताबाईंचा अभंग तुम्ही लहानपणापासून ऐकलाय. मुंगीनं सूर्य गिळला म्हणून टाळ खाली ठेवून कुणी "म्हणजे काय?" विचारलं नाही. आधी म्हटला, मग तो मनात राहिला, मग वयानुसार कधी थोडा उमगला, कधी पुन्हा हातातून सुटला. बैलहोंगलच्या बाईंना कन्नड वचनकार अल्लमप्रभूंच्या बेडगिन वचनांबद्दल विचारा. अशीच कोड्यात बोलणारी वचनं आहेत, त्यांना एखादं पाठही असेल. ते त्यांनी कन्नडमध्ये म्हणावं, तुम्ही मुंगी म्हणावी, आणि मग स्टाईनकडे वळावं. त्या संध्याकाळी सरांपेक्षा तुम्ही दोघीच पुढं असाल.

भावाचं बोलणं मी हसण्यावारी नेणार नाही. शाळांची काळजी खरी आहे आणि ती करणारी माणसं कमीच आहेत. कविता वाचून सीमाप्रश्न सुटत नाही, भाषा भाषांना जोडतात वगैरे भाषणं मला ऐकवत नाहीत. पण अमेरिकन कविता वाचली म्हणजे मराठीचं काही गेलं, हा हिशेब चुकीचा आहे. मर्ढेकरांनी ओल्या पिपात मेलेले उंदीर कवितेत आणले तेव्हा हीसुद्धा कविता होय, असंच लोक म्हणाले होते. त्यांच्या १९४७ च्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते सुटले, आणि आज ते अभ्यासक्रमात आहेत. अरुण कोलटकर तर निपाणीपासून हाकेच्या अंतरावरच्या कोल्हापूरचे. १९७६ ला इंग्रजी 'जेजुरी', पुढच्याच वर्षी मराठी संग्रह. दोन्ही भाषा एकाच हातानं चालवल्या. धारवाडचे बेंद्रे घरात मराठी बोलणारे आणि कन्नडचे मोठे कवी. कवी आणि अनुवादक ए. के. रामानुजन पुढं अमेरिकेत नावाजले, त्याआधी काही वर्षं बेळगावात लिंगराज कॉलेजला इंग्रजी शिकवत होते. तुमच्या पाच जणांचं टेबल या मुलखात काही नवल नाही.

भावाला एक गोष्ट मात्र विचारा. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत मंडळी आपल्या हिमतीवर मराठी साहित्य संमेलनं भरवतात, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. तिथं कविसंमेलन होतं, वाहवा होते, शाल-श्रीफळ होतं. एकच मराठी कविता घेऊन वीस माणसं अर्धा तास तिच्यावर बोलली, असं त्यानं कधी पाहिलंय का? ही सवय तुम्ही अमेरिकेच्या कोर्समधून उचलली आणि पुढं मर्ढेकरांच्या उंदरांवर चालवली, तर त्याच्याच कामाला लागेल. दर चौथा रविवार मराठी किंवा कन्नड कवितेचा ठेवा आणि त्या दिवशी भावालाही कॉलवर बोलवा. आला तर त्यालाही नियम तोच: अर्धा तास अर्थ नाही, भाषणही नाही.

तर कोर्स सोडू नका. या रविवारी ढकलगाडीच परत घ्या, नवी कविता नको. सरांनी वाचून झालं की पहिली फेरी निपाणीच्या मुलापासून सुरू करा. तो सगळ्यांत लहान आहे, तुमच्या पत्रात त्याच्या तोंडचं एकही वाक्य नाही, आणि दोन मोठी माणसं आधी बोलून गेली तर या रविवारीही नसेल.